दोन रेडर आणि १९९०चं साल

१९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदाच आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. आम्हा कॉलेजच्या पोट्ट्यांना तर पंखच फुटले! रामाकोन्याहून आम्ही तिघं छोट्या लाईनच्या गाडीनं सौंसरला सरावाला जायचो.

सात जणांत चढाईवाले खरे दोघंच. तेव्हा मॅट कुठली? कडक मातीचं मैदान. दुसऱ्याच सामन्यात समोरच्यानं एकाचा घोटा धरला; अंग वळलं, पाय जागीच राहिला, गुडघा गेला. आठवड्याभरात दुसऱ्याचा खांदा निखळला. मग चढाई माझ्याकडं आली. मी पकडीतला गडी, दम कमी. 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता मध्यरेषेआधीच श्वास तुटायचा. लोक हसायचे.

शेवटच्या सामन्याआधी मीच म्हणालो, "त्याच्या गुडघ्याला हळद-चुना लावू, पट्टी आवळू, उतरवू." तो नाही म्हणाला नाही. तिसऱ्या चढाईत खाली बसला तो उठलाच नाही. सामना तर गेलाच.

आज त्याची संत्र्याची बाग आहे. धुऱ्यावरून चालताना उजवा पाय जपून टाकतो. मी मागून चालतो. चढाईची भीती वाटत होती म्हणून तसं बोललो होतो, हे त्याला अजून सांगितलं नाही.