आठ बिटांत तीनशे कसे मावणार?

मंडळी, शनिवार आहे, थोडा इतिहास होऊन जाऊ दे. आमच्या ताथवड्यापासून चाकणपर्यंत कित्येक कारखान्यांत पार्ट कॅमेऱ्याने तपासतात. चित्रातला ठिपका बहुधा आठ बिटांचा, म्हणजे ० ते २५५. त्यात पायथनमधून साधा १०० मिळवला तर उत्तर किती बिटांचं?

वाद जुनाच. जिम ह्यूगुनिनच्या १९९५ च्या 'न्यूमेरिक'मध्ये ३२ बिटांच्या अपूर्णांकांच्या अ‍ॅरेला नुसत्या २.० ने गुणलं, की अख्खा अ‍ॅरे ६४ बिटांचा. मेमरी दुप्पट! हबल दुर्बिणीवाल्या संस्थेचं 'नमअ‍ॅरे' म्हणालं, सुट्या आकड्याने अ‍ॅरेला वाढवायचं नाही. ट्रॅव्हिस ऑलिफंटने दोन्ही प्रवाह एकत्र आणले, आणि २००६ मध्ये 'नमपाय' १.० आलं.

पण नमपाय सुट्या आकड्याची किंमतही बघायचं. आठ बिटांच्या अ‍ॅरेत १०० मिळवा, आठच बिट. ३०० मिळवा, गुपचूप सोळा! कोड तोच, आकड्यागणिक प्रकार वेगळा..

जून २०२४ च्या नमपाय २.० ने ही सवय मोडली. आता प्रकारच बघतात, किंमत नाही. आठ बिटांत ३०० मिळवायला गेलात तर सरळ एरर.

गोम पुढेच आहे. अ‍ॅरेतून २०० चा एकच ठिपका काढून त्यात १०० मिळवले तर पूर्वी ३०० यायचे. आता येतात ४४, सोबत फक्त एक वॉर्निंग. पांढरा ठिपका काळपट! अख्ख्या अ‍ॅरेत मिळवलंत तर ४४ पूर्वीही यायचे, आजही येतात, आणि वॉर्निंगसुद्धा नाही.

तेव्हा जुना कोड नव्या नमपायवर नेताय? बेरजेआधी ठिपके सोळा बिटांचे करून घ्या. नियम आता सोपा झालाय, पण प्रकार निवडायची जबाबदारी आपल्यावर आलीय. असो, तूर्तास इतकंच.