पत्त्यांतून जमलेला गोतावळा

एखाद्या लेखकाचे किंवा मालिकेचे चाहते आज इंटरनेटवर एकत्र जमतात. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांत मैत्री होते, वाद होतात, नवे लेखनही घडते. हे सारे संगणकामुळे झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात टपालाने झाली होती.

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. पुढे त्यात वाचकांची पत्रे येऊ लागली आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही छापला जाऊ लागला. बाब किरकोळ, पण परिणाम मोठा झाला. असे समजा, १०० वाचक फक्त संपादकांना लिहितात. तर धागे १०० च. तेच वाचक एकमेकांनाही लिहू लागले, तर जोड्या होतात १०० × ९९ ÷ २, म्हणजे ४,९५०!

या धाग्यांतून मंडळे उभी राहिली. शिकागोच्या एका पत्रमंडळाने मे १९३० मध्ये 'द कॉमेट' ही स्वतःची पत्रिका काढली. १९३३ मध्ये क्लीव्हलंडच्या हायस्कुलात शिकणाऱ्या जेरी सीगलने अशाच घरगुती पत्रिकेत 'सुपरमॅन' हे नाव असलेली कथा छापली. चित्रे त्याचा मित्र जो शुस्टर याची. या दोघांचा सुप्रसिद्ध सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. सुमारे २०० जण आले. पण जुन्या भांडणामुळे आयोजकांनी सहा जणांना दारातूनच परत पाठवले. पुढे नामवंत लेखक झालेले फ्रेडरिक पोल त्यांच्यापैकीच एक. गोतावळा जमला की त्याला कुंपणही पडते, ते असे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ मध्ये 'अर्पानेट' हे संगणकांचे जाळे सुरू झाले. त्यावरील संशोधकांनी १९७९ मध्ये 'एसएफ-लव्हर्स' हा विज्ञानकथाप्रेमींचा पत्रगट चालवला. पत्राला लागणारे दिवस आता मिनिटांवर आले. मैत्री आणि भांडणे मात्र तीच राहिली.

शाळेतही हे करून पाहता येईल. भित्तिपत्रकातल्या प्रत्येक लेखाखाली विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता लिहावी आणि शंकांची उत्तरे शिक्षकांनी लगेच न देता मुलांना एकमेकांकडे पाठवावे. मात्र दाराबाहेर कोणी राहत नाही ना, यावर लक्ष ठेवण्याचे काम शिक्षकांचेच.