माळेगावचा घोडेबाजार

मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक घोड्यावर बसलेल्या माणसाविषयी जितक्या विस्ताराने लिहितात, तितक्या विस्ताराने घोड्याविषयी लिहीत नाहीत. आणि तो घोडा विकत कोठे मिळे, ह्या प्रश्नाकडे तर क्वचितच कोणी वळतो. वास्तविक शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा स्वार, आणि बारगीर म्हणजे सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा. शिलेदाराचा घोडा पडला आणि दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर त्याची पायरी उतरत असे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे घोड्यांचा बाजार ही इतिहासातील किरकोळ बाब राहत नाही.

आमच्या हिमायतनगरास वडीलधारी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. तेथील लोकांची घरची यात्रा महाशिवरात्रीची, श्रीपरमेश्वराची. परंतु घोडा घ्यावयाचा झाल्यास नांदेड ओलांडून लोहा तालुक्यातील माळेगावची वाट धरावी लागते. तेथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस खंडोबाची यात्रा सुरू होते. देवच घोड्यावर बसणारा, आणि त्याच्या पायाशी कुत्रा. तेव्हा त्याच्या अंगणात घोडे, गाढवे, उंट आणि कुत्री विकावयास यावीत ह्यात नवल ते काय? एकीकडे वाघ्या-मुरळींचे जागरण, दुसरीकडे कुस्त्यांचा आखाडा, तिसरीकडे तमाशाचे तंबू, आणि ह्या सर्वांमधून वाट काढीत रहवाल चालीने फिरविले जाणारे घोडे, असे ह्या यात्रेचे रूप आहे.

आता हा बाजार एकटा नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कार्तिकी पौर्णिमेस राजस्थानात पुष्करचा मेळा भरतो. एक महिन्याने, मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा. आणि तेथून चौदाव्या दिवशी माळेगाव. पुष्करला न विकलेले जनावर सारंगखेड्यास उभे राहू शकते, आणि तेथेही दाम जमला नाही तर माळेगाव आहेच. ही साखळी कोणत्याही कचेरीने ठरवून दिलेली नाही. व्यापाऱ्याच्या हाती पंचांग असले म्हणजे पुरे.

घोड्याचे राजकीय गिऱ्हाईक मात्र एकामागून एक नाहीसे झाले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या पागा ओस पडल्या. आमच्या मुलखात त्यानंतरही निजामाच्या खर्चाने चालणारी व इंग्रजांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिंजंट फौज होती. हिंगोलीस तिची छावणी होती. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. तिच्याच वंशातील विसाव्या डेक्कन हॉर्स पलटणीने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणात, भाले सरसावून घोडे घातले. मशीनगनच्या युगात ते धाडस किती शहाणपणाचे होते हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी घोडदळातील शिलेदारी पद्धतच मोडीत निघाली, आणि मोटारीने उरलेले काम पुरे केले. एवढे सारे होऊनही माळेगावचा बाजार मोडला नाही, कारण तो सरकारच्या नव्हे, खंडोबाच्या तिथीवर भरत होता, असे आम्हांस वाटते.

परंतु बाजार टिकला म्हणून घोडाही टिकला असे समजणे भाबडेपणाचे होईल. आज यात्रेत ज्याच्याभोवती गर्दी जमते तो मारवाडी, कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडणारा, नाहीतर काठियावाडी, नाहीतर वरातीसाठी शुभ्र नुकरा. गिऱ्हाईक भोवरे तपासते, पंचकल्याणी आहे का पाहते, उंची मोजते आणि घोडी नाचते का ते विचारते. भीमेच्या खोऱ्यातील ठेंगणे, काटक तट्टू ह्यांपैकी कोणत्याच परीक्षेस उतरणारे नव्हे. ज्या भीमथडी घोड्याच्या पाठीवर मराठ्यांनी दौडी केल्या असे सांगतात, तो आपल्याच प्रांताच्या बाजारात पाहुण्यासारखा झाला. त्याला सांभाळले ते मेंढरांमागे बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या धनगरांनी. १९६० च्या पूर्वीच कोणी विद्वानाने ही नोंद करावयास हवी होती. प्रत्यक्षात स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारी नोंदणी झाली २०२४ साली. तोपर्यंत देशभरातील घोडे व तट्टे २०१२ च्या सुमारे सव्वासहा लाखांवरून २०१९ च्या पशुगणनेत साडेतीन लाखांच्याही खाली आली होती. सारंगखेड्याच्या उत्सवास अलीकडे चेतकाचे नाव दिले आहे. चेतक थोर खराच, पण तो मेवाडचा. महाराष्ट्रातील घोड्यांच्या यात्रेस आपल्याकडील एकही घोडा आठवू नये, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात पाव मैल धावणाऱ्या घोड्यांच्या जातीसाठी १९४० साली एक संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षी फोर्टवर्थच्या प्रदर्शनात जो घोडा सर्वश्रेष्ठ ठरेल त्यास वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक द्यावा असे तिने ठरविले, आणि विम्पी नावाच्या घोड्यास तो मिळाला. म्हणजे तेथे प्रदर्शन आणि वही ही एकाच वेळी जन्मली. माळेगावासही जिल्हा परिषदेचे पशुप्रदर्शन भरते, बक्षिसे मिळतात, फेटे बांधले जातात. परंतु बक्षीस मिळविणाऱ्या घोड्याचा आजा कोण, हे विकणाऱ्याच्या जिभेवरच राहते आणि दुसऱ्या विक्रीत बदलतेही.

वंश मुळीच जपला गेला नाही असे मात्र नाही. नांदेडास १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड हुजूर साहिबाच्या तबेल्यात गुरूंच्या घोड्याचे वंशज म्हणून मानलेले घोडे आजही पोसले जातात. ते बाजारात येत नाहीत. दसऱ्याला व हल्लामहल्ल्याला ते सजवून मिरवणुकीत नेतात, आणि त्यांच्या पाठीवर कोणी बसत नाही.