वनस्पतिप्रधान आहार आणि पेशींचे वार्धक्य
वनस्पतिप्रधान आहार म्हणजे मुख्यतः धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांचा आहार. पेशीविभाजनागणिक गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर हे संरक्षक भाग आखूड होतात. ही झीज पेशींच्या वार्धक्याचे एक लक्षण मानली जाते.

डीन ऑर्निश यांच्या २०१३ मधील अभ्यासात असा आहार, व्यायाम व ताणनियंत्रण पाळणाऱ्या १० पुरुषांच्या टेलोमिअरची लांबी ५ वर्षांत सुमारे १० टक्के वाढलेली आढळली. गट लहान व उपाय अनेक असल्याने हे श्रेय केवळ आहाराला देता येत नाही.

इंदापूर-बारामती भागातील भाकरी, मटकी, हुलगे व पालेभाज्या हा आहार याच प्रकारचा आहे. मात्र डीएनए निर्मितीस आवश्यक असलेले ब-१२ जीवनसत्त्व त्यातून मिळत नाही. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या तपासणीत चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना ६७ टक्के पुरुषांत ते कमी आढळले. त्यामुळे अशा आहाराला दूध, दही किंवा वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रेची जोड आवश्यक ठरते.