पट, पंच आणि परीक्षा : नवजाताच्या पुनरुज्जीवन-कौशल्याच्या मापनाविषयी

खेळ आणि परीक्षा हे शब्द परस्परविरोधी मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तथापि व्यवसायशिक्षणाच्या इतिहासात पटावरील खेळाने परीक्षेचे काम निदान दोनशे वर्षे केले आहे. कॅनडातील एडमंटन येथे, नवजात अर्भकास श्वास मिळवून देणाऱ्या चिकित्सकांचे ज्ञान पारखण्यासाठी सिद्ध झालेला ‘रिटेन’ हा पट त्या परंपरेतील अलीकडचा दुवा होय. त्याची योग्यता ठरविण्यापूर्वी मागील दुवे तपासणे इष्ट ठरेल.

प्रशियाचे मुलकी अधिकारी फॉन राइसव्हिट्झ यांनी १८१२ च्या सुमारास आपला युद्धपट राजापुढे मांडला. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम नकाशावर बसवून प्रसिद्ध केले. या खेळातील एक खेळी म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे. खेळणाऱ्याने आज्ञा द्यावयाची, पंचाने ती नकाशावर उतरवावयाची, आणि तिचे फळ फाशांनी व कोष्टकांनी ठरावयाचे. पंचास जर्मन भाषेत जी संज्ञा होती तिचा अर्थ ‘विश्वासातला मनुष्य’ असा आहे, हे लक्षणीय आहे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्न्वा यांनी कोष्टकांचे जोखड झुगारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ सोपवावा असे प्रतिपादन केले. गुण नियमाने द्यावेत की जाणत्याच्या विवेकाने, हा परीक्षाशास्त्रातील वाद अशा रीतीने प्रथम सैनिकी पटावर उद्भवला. तो अद्यापि मिटलेला नाही.

प्रसूतिगृहात मापनाचा प्रवेश व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी घडवून आणला. न्यूयॉर्कच्या या भूलतज्ज्ञ विदुषीने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हृदयगती, श्वसनप्रयत्न, प्रतिक्षिप्त प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि वर्ण या पाच लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धती सुचविली. जन्मानंतर एका मिनिटाने गुण मोजावयाचे, कमाल बेरीज दहा. भाषेच्या अभ्यासकास यापुढील घटना अधिक उद्बोधक वाटेल. १९६२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बटरफील्ड यांनी ‘अ‍ॅपगार’ या आडनावाचीच अक्षरे फोडून त्यांपासून अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, अ‍ॅक्टिव्हिटी, रेस्पिरेशन अशी स्मरणमाला गुंफली. विशेषनामाचे आद्याक्षरसूत्र झाले. परंतु सूत्रात वर्ण पहिल्या स्थानी आला आणि श्वसन शेवटी गेले. स्वतः अ‍ॅपगार यांनी मात्र वर्ण हे सर्वांत असमाधानकारक व हृदयगती हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण मानले होते. पाठांतराच्या सोयीने ज्ञानाचा क्रम कसा उलटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

या गुणांनी अर्भकाची स्थिती कळते. चिकित्सकाचे कौशल्य त्यांवरून थेट ठरत नाही. किंबहुना गुण मोजण्याचे मिनिट भरण्यापूर्वीच पुनरुज्जीवनास आरंभ व्हावा लागतो. पुसणे, ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा राहील अशी मान ठेवणे, चेतविणे, आणि तरीही श्वास न आल्यास मास्कद्वारे वायुवीजन, हे सारे पहिल्या साठ सेकंदांतले काम. सुमारे दहांतील एका अर्भकास जन्मतः काही ना काही साहाय्य लागते, शंभरांत एखाद्यासच व्यापक उपचार. म्हणजेच गंभीर प्रसंग विरळ, आणि विरळ प्रसंगी लागणारे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच क्षीण होते.

यावर उपाय शोधताना वैद्यकाने पुन्हा खेळाचाच आश्रय घेतला. नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लार्डाल यांनी १९६० मध्ये श्वसनोपचाराच्या सरावाची बाहुली बनविली. १९८७ मध्ये अमेरिकेत नवजात-पुनरुज्जीवनाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला. लेखी प्रश्न व कृतींची पडताळणी-यादी हे त्याच्या परीक्षेचे स्वरूप होते. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे पत्रक म्हणजे सक्षमतेचा दाखला नव्हे, असे त्याच्या प्रवर्तकांनी स्वतःच म्हटले आहे. स्टॅनफर्ड येथील हॅलमेक व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये अनुकृत प्रसूतिकक्षातील शिक्षणाचा पुरस्कार केला, आणि २०११ च्या आवृत्तीपासून अनुकृतीस अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान मिळाले. अशा प्रयोगशाळा खर्चिक असतात, इतकेच येथे नमूद करणे पुरे.

‘रिटेन’ची निर्मिती या अडचणीतून झाली. पटावर उपकरणे व कृती यांच्या सोंगट्या असतात. मार्गदर्शक प्रसंग मांडतो. खेळणाऱ्यांनी पुढील कृती निवडून ती करावयाची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० चिकित्सकांच्या ज्ञानचाचणीतील गुण खेळानंतर सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. पुढील वर्षी या पटाचा उपयोग शिक्षणासाठी नव्हे, तर अंतिम मूल्यमापनासाठी करून पाहणारा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, असे माझे मत आहे. शिकविणाऱ्या खेळात चूक ही संपत्ती असते, तर परीक्षेत तीच दोष ठरते. एकाच पटावर या दोन्ही भूमिका सुखाने नांदतीलच असे नाही.

पटाने काय मोजले जाते? क्रम, निर्णय, आणि सहकाऱ्यांशी होणारा शब्दव्यवहार. हे थोडे नव्हे. हृदयगती साठच्या खाली राहिल्यास छातीवर तीन दाब व एक श्वास असे प्रमाण ठेवावे, हे ठाऊक असणे निराळे आणि ते योग्य क्षणी सहकाऱ्यास स्पष्ट शब्दांत सांगणे निराळे. पाठांतराची परीक्षा पहिल्यापाशी थांबते. पट दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. परंतु मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला की नाही, छाती उचलली की नाही, हे सोंगटीस कळत नाही.

या संदर्भात गडचिरोलीचा दाखला घेण्याजोगा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत चालविलेल्या, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गृहाधारित नवजात-सेवेच्या प्रयोगात गावातल्याच आरोग्यसेविकांनी जन्मतः गुदमरलेल्या अर्भकांवर घरी उपचार केले. त्यांच्या हाती प्रथम नळी व मास्क, आणि मागाहून बॅग व मास्क ही साधने आली. साधन पालटले की हाताची परीक्षाही पालटते. निर्णयाचा क्रम मात्र बहुतांशी तोच राहतो. पटावर तपासता येण्याजोगा भाग तेवढाच, आणि तेथेही प्रसंग मांडून उत्तर ऐकणाऱ्या पंचाची गरज उरतेच.