न वापरण्यासाठी केलेला कॅमेरा

ज्या जुन्या पुस्तकाची पाने कापलेलीच नाहीत, त्याला ग्रंथसंग्राहक अधिक मोल देतात. न वाचले जाणे हाच तिथे गुण ठरतो. फिल्मवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांच्या विशेष आवृत्त्यांचा इतिहास पाहताना हे वारंवार आठवते. ‘रोलाय 35’ हे त्याचे ठळक उदाहरण.

त्याचे रचनाकार हाइन्ट्स वास्के. 1960 नंतरच्या काही वर्षांत चौकट निम्मी करून कॅमेरा लहान करण्याची टूम होती. वास्के यांना ती तडजोड मान्य नव्हती. वीसबाडेनच्या विर्गिन कंपनीत असताना त्यांनी 24 × 36 मिलिमीटरची पूर्ण चौकट घेणारा, तरीही खिशात मावणारा कॅमेरा रचला. मालकांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यांचा धंदाच बंद करायचे ठरवले होते! पुढे वास्के ब्राउनश्वाइगच्या रोलाय कंपनीत गेले आणि 1966 मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात हा कॅमेरा लोकांसमोर आला. भिंगाची नळी आत सरकते, फिल्म पुढे नेणारी कळ डाव्या हाताला, फ्लॅश लावायची जागा तळाशी. पहिल्यांदा हाती घेणारा गोंधळतो खरा. पण यातल्या प्रत्येक विक्षिप्तपणामागे जागेचा काटेकोर हिशेब आहे.

सत्तरच्या दशकात कंपनीने स्वस्त मजुरीसाठी उत्पादन सिंगापूरला नेले आणि कॅमेरा जगभर खपू लागला. त्याच दशकात त्याच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या मर्यादित आवृत्त्या निघाल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. वस्तू सर्वांच्या हाती गेली की तिचे दुर्मीळपण मुद्दाम घडवावे लागते. 1981 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पण 1986 मध्ये, नव्या व्यवस्थापनाखाली, प्लॅटिनमचा मुलामा दिलेली आवृत्ती आली. नग फक्त 444.

मुलाम्याने छायाचित्रात तसूभरही फरक पडत नाही. उलट बोटांचे ठसे उमटतील या धास्तीने असा कॅमेरा पेटीतच राहतो, आणि पेटी, कागदपत्रे, वेष्टन शाबूत असेल तर किंमत चढते. यंत्राला मात्र हा सन्मान मानवत नाही. वर्षानुवर्षे न चालवलेल्या शटरमधले वंगण घट्ट होते आणि मंद गती अडखळू लागतात. झिजलेल्या काळ्या रंगाचा, रोज हाताळला जाणारा साधा रोलाय पुष्कळदा त्याच्या सोनेरी भावंडापेक्षा बिनचूक चालतो.