रावेर ते गोवा, नळीसकट

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बोटीवर तुझं ते नाकाचं मशीन चाललं का रे?" मेव्हण्यांनाही आता सीपॅप लागलंय, आणि आमची मुंबई-गोवा बोटीची वारी ऐकल्यापासून त्यांना सारखा समुद्र दिसतोय. मी "चाललं, मस्त चाललं" म्हणून फोन ठेवला. मग वाटलं, हे उत्तर फारच तोकडं झालं. कारण आमच्या घरात या मशीनची गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही.

ती आबांपासून होते. (चुलत भावंडांनो, तुम्हाला आबांचं घोरणं आठवत असेलच.) उन्हाळ्यात सगळे धाब्यावर झोपायचो. आबांचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. मध्येच तो थांबायचा. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग बैलाने फुरफुरावं तसा मोठा आवाज आणि पुन्हा सुरू. आम्ही पोरं त्या शांततेत आकडे मोजायचो, ज्याचा अंदाज बरोबर तो जिंकला. आई मात्र हसायची नाही. आवाज थांबला की ती आबांचा खांदा हलवायची. दिवसा आबा केळीच्या बागेत पाणी भरताना उभ्या उभ्या पेंगायचे. लोक म्हणायचे, "काय भो, कुंभकर्ण!" 1979 च्या एप्रिलमध्ये ते झोपेतच गेले. वय 52. जो तो आईला सांगत होता, पुण्यवान माणूस, झोपेत मरण आलं.

नेमकं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, आणि मी काही डॉक्टर नाही. पण माझ्या झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला, ताशी 41 वेळा श्वास अडतो असं त्यात वाचलं, तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती धाब्यावरची मोजणी.

बरं, तेव्हा जळगाव-मुंबईला नेलं असतं तर? हा प्रश्न मी बरीच वर्षं चघळला आणि त्यापायी थोडं वाचलं. डिकन्सने 'पिकविक पेपर्स'मध्ये (1836-37) ज्यो नावाचा सदा पेंगणारा जाडा पोरगा रंगवला होता. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1956 मध्ये जाड, पेंगुळलेल्या रुग्णांच्या आजाराला त्या कादंबरीचंच नाव दिलं. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं हा विनोदच होता, फक्त आमच्या गल्लीत नव्हे. झोपेत घशाची वाट मिटते आणि श्वास अडतो, हे 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी नोंदी घेऊन दाखवलं. त्यावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. आबांनी ते करून घेतलं असतं? शक्यच नाही. दाढ काढायला गेलेले ते अर्ध्या वाटेतून परत आले होते.

जून 1980 मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांपुढे असाच एक रुग्ण आला. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. ओढण्याऐवजी फुंकायला लावली आणि ती हवा नळीने त्याच्या नाकात सोडली. घशाची वाट हवेच्या दाबाने उघडी राहिली आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. एप्रिल 1981 मध्ये पाच रुग्णांवरचा हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सुरुवातीचे मुखवटे नाकाचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री चक्क चिकटवत. मोटरचा आवाज तर विचारू नका.

आबा जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. हा हिशेब मांडू नये हे कळतं. तरी मांडला जातो.

आमच्याकडे हा आजार लोकांच्या तोंडी आला तो बप्पी लाहिरी गेले तेव्हा, फेब्रुवारी 2022 मध्ये. मुंबईच्या रुग्णालयाने कारण म्हणून स्लीप अ‍ॅप्निया सांगितला आणि दुसऱ्या दिवशी चार जणांनी मला फोन करून "तुझंच ना रे हे?" असं विचारलं!

असो. तर प्रवास. आता हे मशीन सव्वा किलोच्या आसपास असतं, खांद्याच्या पिशवीत मावतं. ओझं त्याचं नाही, विजेचं. रावेरात मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते, तिच्याबरोबर खांबही आडवे होतात, आणि मग माझी रात्र इन्व्हर्टरच्या भरवशावर. रेल्वेत तर आणखी पंचाईत. आगीच्या भीतीने रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचं 2021 मध्ये ठरलं. त्यामुळे मुंबईच्या गाडीत मी मशीन मांडीवर घेऊन बसून राहिलो. बायको म्हणाली, "अहो, लवंडा तरी." पण झोप लागली तर सगळा डबा जागा होणार. पंधरा वर्षं मी कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेलो नाही त्याचं कारण हेच. ते कुणाला सांगितलं मात्र नाही.

बोटीवर उलटंच. जनरेटर अखंड चालू, शिवाय आणीबाणीसाठी वेगळा. प्रवासी बोटीवर तो 36 तास पुरला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटींवर लोक डेकवर पथारी पसरून झोपत. तिथे माझ्यासारख्याने काय केलं असतं देव जाणे. आता खोलीत प्लग असतो, फक्त तो आरशाच्या टेबलापाशी आणि पलंग भिंतीकडे. आधी कळवलं होतं म्हणून खोलीवाल्या पोराने वायर आणून दिली, डिस्टिल्ड वॉटरही. (आमच्या गावात डिस्टिल्ड वॉटर म्हटलं की लोक बॅटरीचं दुकान दाखवतात.)

रात्री डेकवर उभा होतो तेव्हा एक कंटेनरवालं जहाज लांबून गेलं. मला तांदलवाडीची केळी आठवली. आपल्या तालुक्यातली केळी समुद्रावर माझ्या कितीतरी आधी गेली. तोडल्यावरही केळीचा श्वास चालू असतो. तो मंदावावा आणि ती वाटेत पिकू नये म्हणून 13-14 अंशांत, जहाजाच्या विजेला प्लग लावून नेतात. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "झोपा आता."

सकाळी उठलो तर ती माझ्याकडेच बघत बसलेली. रात्री दोनदा उठून पाहिलं म्हणे, आवाज नव्हता म्हणून.

तर ताई, मेव्हण्यांना सांग : बुकिंग करतानाच मशीनचं कळवायचं. वायर आणि पाणी बोटीवाल्यांकडेच मागायचं. आपली सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी न्यायची नाही, बोटीचं वायरिंग घरासारखं नसतं आणि अशा पट्ट्यांनी आगी लागतात. मशीन हातातल्या पिशवीत ठेवायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि उचलण्याआधी पाण्याचं भांडं रिकामं करायचं. मी विसरलो होतो, गोव्यात बॅग उघडली तेव्हा दोन सदरे ओले निघाले.